दगडातला कापूस

दगड ओळखणं हे डोळ्यांचं काम आहे असं लोकांना वाटतं. माझ्या बायकोलाही वाटतं. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा तिला पहिली काळजी पडली ती माझ्या दगडांची. वास्तविक डोळा हा या धंद्यातला सगळ्यात लबाड साक्षीदार. दगडात पांढरं, चमकतं, टोकदार असं नाना जातींचं काही असतं, आणि डोळा सगळ्याला ‘गारगोटी’ म्हणून मोकळा होतो. खरी ओळख पटते ती नखाने, सुईने, आम्लाच्या थेंबाने, ज्योतीवर धरून आणि कुणी पाहत नसेल तर जिभेनेही. एवढी सगळी चौकशी झाली की दगड आपलं नाव सांगतो. जन्मभर मी हेच करत आलो. त्यातला एक दगड मात्र असा निघाला की त्याचं नाव मी बिनचूक सांगितलं आणि त्या बिनचूकपणानेच सगळा घोटाळा झाला.

नव्या राज्याची पाटी कचेरीवर लागून काही वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यात विहिरींसाठी जागा पाहण्याचं काम माझ्याकडे होतं. मी नांदुऱ्याचा, रुळांशेजारी वाढलेला. नागपूरला जाऊन भूशास्त्र शिकलो आणि फिरून आपल्याच मातीत येऊन पडलो. आई शेजारणींना सांगायची की मुलगा साहेब झाला. साहेब कसला, उन्हातान्हात हातोडा घेऊन हिंडणारा प्राणी. स्वभाव तेव्हाही तिरसट होता. कुणी भुताखेतांचा विषय काढला की माझं डोकं फिरायचं आणि मी समोरच्याची अशी काही उलटतपासणी घ्यायचो की पुन्हा तो माझ्याकडे चहालाही येत नसे.

अशात एका सकाळी अमडापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातला माणूस चिखलीच्या आमच्या कचेरीत आला. तिशीच्या आतला असेल. टोपी हातात धरून तो बराच वेळ दारातच उभा राहिला.

“साहेब, आमच्या इहिरीत कापूस निंगाला.”

मी हसलो. “वऱ्हाडात कापूस निघाला तर त्यात नवल काय?”

तो हसला नाही. “पाषानात निंगाला, साहेब. सुरुंग फोडला तं पाषानाच्या पोटातून निंगाला. अन् सरकी नाही त्यात.”

सरकी नाही, हे त्याने असं सांगितलं की जणू त्यात सगळं आलं. मला ते लगेच उमगलं नाही. नमुना आणलास का, असं विचारलं तर म्हणाला, “त्याले हात कोन लावन?” खोदणारे गडी खाली उतरायला तयार नव्हते. सामान बांधून बसले होते. सुलतानपूरकडे त्यांना दुसरं काम होतं आणि ते तिकडे निघण्याच्या बेतात होते.

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

“वयनीनं धाडलं. माया मनानं तं बुजून टाका म्हनतो मी.”

आम्ही मोटारीने अमडापूरला आलो आणि तिथून पायी निघालो. वाटेत त्याने हकिगत सांगितली, माझ्याकडे न बघता, कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळींकडे बघत. त्यांचं घर भाजीपाला पिकवणारं. थोरला भाऊ जुनी विहीर खोल करत असताना वरचा मुरूम ढासळला आणि भाऊ त्याखाली गेला. काढायला गेलं की आणखी ढासळे. शेवटी मोठ्या माणसांनी ठरवलं आणि विहीर बुजवली. हाती देह नाही, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, तेरावं केलं. त्या जागेवर आता बाभळी उगवल्या होत्या. थोरल्याची बायको दोन मुली घेऊन त्यांच्याच घरात राहिली, आणि काही वर्षांनी तिने हट्ट धरला की शेताच्या वरच्या अंगाला, काळ्या पाषाणात, नवी विहीर घ्यायची. तीच ही.

मग त्याने सरकीचं सांगितलं, आणि माझी चाल जरा मंदावली. शेतातल्या कापसाला सरकी असते. सरकी काढलेला कापूस म्हणजे माणसाचा हात लागलेला कापूस. आणि सरकी काढलेला कापूस मातीखाली कुठे असतो, तर मढ्याच्या नाकात. नाकाकानात घालतात ते बोळे. कापसाच्या मुलखातल्या लोकांनी अगदी बारकाईने विचार करून ही समजूत करून घेतली होती, आणि खोटं कशाला सांगू, ती मला मूर्खपणाची वाटली नाही. ती मूर्खपणाची वाटली नाही याचाच मला राग आला.

विहिरीवर निम्मं गाव जमलेलं होतं. काळ्या दगडांच्या ढिगावर खोदणारे बसले होते, पहारी आणि दोर शेजारी बांधून ठेवलेले. लिंबाच्या सावलीत घरातला वडीलधारा माणूस बसला होता. तो मेलेल्याचा चुलता. पुतळ्याला अग्नी देण्याचं त्यानेच ठरवलं होतं आणि त्याआधी विहीर बुजवण्याचंही. आणि जरा बाजूला, डोईवरचा पदर घट्ट धरून, ती, थोरल्याची बायको. माझ्याच वयाची असेल. चुलतसासऱ्यासमोर तिने मोठ्याने बोलायची रीत नव्हती, म्हणून ती चार पावलं चालून माझ्याजवळ आली.

“साहेब, तो दगड हाय का कापूस, येवढंच सांगा. पन सगळ्याइसमोर सांगा.”

एवढ्यावर काय अवलंबून होतं ते मला वाटेतच कळलं होतं. विहिरीला पाणी लागलं तर वरचं रान तिचं, तिथे खोपटं घालून ती मुलींना घेऊन स्वतंत्र राहणार होती. तसं घरात कबूल झालं होतं. गडी आज गेले असते तर मढ्याच्या विहिरीवर दुसरी टोळी कुणी आणू शकलं नसतं. मग दिराच्या चुलीपुढे भाकरी थापत जन्म काढायचा. दीर वाईट नव्हता. पण जन्म तो जन्मच.

मला दोरावर बसवून खाली सोडलं. खाली सुरुंगाच्या दारूचा वास अजून कोंडलेला होता. ज्याने तो कापूस पहिल्यांदा पाहिला तो टोळीचा मिस्त्री माझ्याबरोबर उतरला, पण तिकडे पाठ करून उभा राहिला. म्हणाला, “साहेब, म्या खालून ‘गोळे’ म्हनलं होतं. गोळे हायेत, गोळे हायेत, असं. वर त्याइनं ‘बोळे’ आयकलं.” विहिरीत शब्द घुमतो, पहिलं अक्षर पुसलं जातं. वर कडेला उभ्या असलेल्या लोकांच्या मनात जे होतं ते त्या जागी बसलं. मी म्हटलं, मग सांगायचं ना वर जाऊन. तो म्हणाला, “सांगतलं. मंग म्याच पलटून पायलं, तं मलेबी बोळेच दिसले.”

पाषाणात घागरीएवढी पोकळी उघडी पडली होती. आत तपकिरी, पापुद्र्यांच्या टेंगळांवर पांढरेशुभ्र गोळे बसलेले. लहान, मोठे, काही एकमेकांना चिकटलेले, आणि अगदी पुढे दोन सारख्या आकाराचे, शेजारी शेजारी. भिंग काढायला मी खिशात हात घातला आणि तो तिथेच राहिला. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. कापसाचे बोळे करायला मला सांगितलं होतं. बोळा किती मोठा करायचा ते कुणी सांगत नाही, आपल्या बापाचं नाक पाहून करावा लागतो. ते माप माझ्या बोटांना पाठ झालं होतं, आणि पाषाणातले ते दोन गोळे त्याच मापाचे होते.

शास्त्र काय म्हणतं ते मला माहीत होतं. थंड झालेल्या लाव्हारसात हवेची पोकळी राहते, तिच्यात पाणी झिरपतं आणि स्फटिक उगवतात. पांढऱ्या सुयांचे झुबके आपल्याकडच्या पाषाणात ढिगाने मिळतात. त्या सुया काचेसारख्या असतात, बोट लावलं की टोचतात, दाबलं की कडकन मोडतात. परीक्षा सोपी होती. टोचलं की झालं. वर जाऊन मी म्हणणार होतो, या, लावा बोट, कापूस कधी टोचतो का. देवाला मी तेव्हा मानत नव्हतो, तरी बोट पुढे करताना मनात म्हटलं, टोच रे बाबा.

ते टोचलं नाही. मऊ लागलं. बोटाखाली तंतू वाकले, दबले आणि दबलेलेच राहिले, कापूस चेपल्यावर राहतो तसे.

आणि त्याच क्षणी मी तो ओळखला. वाकणारे, बोट लावताच चेपून जाणारे पांढरे तंतू असलेला एकच दगड मला ठाऊक होता. नागपूरला काचेच्या पेटीत त्याचा एक तुकडा होता आणि आमचे गुरुजी तो दाखवताना सांगायचे, याला हात लावाल तर हा मरेल. ओकेनाइट. वऱ्हाडात तो मिळाल्याचं मी कुठे वाचलं नव्हतं. पुढे मी नमुना पाठवला तेव्हा गुरुजींनी तपासून माझं बरोबर असल्याचं कळवलंही. पण त्या विहिरीच्या तळाशी मला आनंद झाला का? झाला, पण क्षणभरच. ज्या मऊपणावरून मी त्याला दगड म्हणून ओळखलं होतं, त्याच मऊपणावरून वरची माणसं त्याला कापूस म्हणणार होती.

तसंच झालं. तुकडा छिन्नीने सुटा करून मी वर आणला. दगड म्हणून सांगितलं. नाव सांगितलं, ते कुणाला उच्चारता आलं नाही. दिराने भीत भीत पुढे होऊन एक चिमूट उपटली आणि दोन्ही अंगठ्यांत धरून ओढून पाहिली. बाजारात कापसाचा धागा पाहतात तशी. कापूस हाती आला की वऱ्हाडी माणसाची बोटं आपोआप तेच करतात. “आखूड धाग्याचा हाय,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्याने बोटं धोतराला पुसली. लोक मागे सरले. मिस्त्रीने दोराची गाठ पुन्हा आवळली.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “थांबा. काड्यांची पेटी आणा. आणि देवाच्या वातीचा कापूसही आणा.”

ती घरी गेली नाही, मुलीला धाडलं. वात आली. आधी चिमट्यात वातीचा कापूस धरला, मग त्या दगडाचा झुबका. वात भुर्रकन पेटून राख झाली. दगडाचा झुबका ज्योतीत जरा आकसला, टोकाशी लाल झाला आणि तसाच पांढरा राहिला. मी दुसरी काडी ओढली. तिसरी ओढली. वाऱ्यावर विझेपर्यंत ती ज्योत त्याच्याखाली धरली. मग चिमटा उंच करून सगळ्यांना दाखवला. “कापूस असता तर जळला असता. हा जळत नाही. आता तरी पटलं?”

मला वाटलं, जिंकलो. मग लिंबाखालून चुलता उठला, काठी टेकत आला, चिमट्याकडे बघत राहिला.

“आग लागत नाही त्याले,” तो हळू आवाजात म्हणाला. “कशी लागन? त्याले आमी आग देल्लीच कुठं? पानं पेटोली आमी. पानं.”

मागे कुणीतरी ‘राम राम’ पुटपुटलं. ज्याला अग्नी मिळाला नाही, त्याचा कापूस अग्नी घेत नाही. माझ्याच परीक्षेने त्यांची समजूत पक्की केली होती. माझ्या पेटीत अजून आम्लाची बाटली होती. ती काढून मी काय सिद्ध करणार होतो? मिस्त्रीने खांद्यावर दोर घेतला. दोघांनी पहारी उचलल्या. मी तिच्याकडे पाहिलं नाही, तसा धीर झाला नाही.

“मामाजी.”

आवाज तिचा होता, आणि मोठा होता. चुलत्याने मान वर केली. सासऱ्यासमोर ती अशी कधी बोलली नसावी, कारण गडीसुद्धा जागच्या जागी थांबले.

“कापूस कोनं घातला, मामाजी?”

म्हातारा काठीवर भार देऊन खाली बसू लागला.

“त्याच्या नाकात बोळे घालाले खाली कोन गेलतं? तुमी गेलते? भाऊजी गेलते? मी तं नाही गेली.” मग तिने बाभळींकडे बोट केलं. “अन् मेल्याच्या नाकात घालतात कापूस. तो तं हाक मारून राह्यला होता.”

दीर खाली मान घालून उभा होता. गावातली जुनी माणसं इकडेतिकडे पाहू लागली. मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून की काय, ती माझ्याकडे वळून सांगू लागली. मुरूम ढासळला तेव्हा दुपार होती. माणसं धावली, थोडं उपसलं, पुन्हा ढासळलं. मग सगळं शांत झालं आणि सगळे म्हणाले, गेला. ऊन उतरायला लागलं तेव्हा खालून हाक आली. ‘अवं,’ अशी. त्या भागात नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही, ‘अवं’ म्हणतो. पुन्हा आली. ‘अवं.’

“मामाजी म्हनले, ओ देऊ नका. तो गेला हाय. आता ही बोलावन्याची हाक हाय. जो ओ देईन त्याले घेऊन जाईन.”

मेलेल्याच्या हाकेला ओ देऊ नये, हे आमच्या नांदुऱ्यातही लहानपणापासून सांगत. अंधारात कुणी हाक मारली तर पुन्हा मारेपर्यंत थांबावं, मग ओ द्यावी. मी त्याची टिंगल करत आलो होतो. हे असंही होऊ शकतं, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. त्या दिवशी त्या माणसांना एक गोष्ट ओळखायची होती, खालची हाक जित्याची की मेल्याची. तिची परीक्षा एकच होती, ओ देऊन पाहणं, आणि तीच करायची नाही असं त्यांनी ठरवलं.

“ओ माया तोंडात आलती, साहेब,” ती म्हणाली. “पोरी दोन्ही हाताले होत्या. म्या गिळली.”

हाक किती वेळ येत होती ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती थांबल्यावर विहीर बुजवली. पळसाची पानं तोडायला दीरच गेला होता.

माझा संताप झाला, पण करावा कुणावर? म्हातारा तिथेच मातीत खाली बसला होता. तो दुष्ट नव्हता, तो भ्याला होता. भीतीने त्याच्या हातून जे झालं ते त्याला तेव्हापासून माहीत होतं. पाषाणातून कापूस निघाला तेव्हा सगळ्यात आधी ओळखला असणार तो त्यानेच. “आमाले वाटलं...” एवढंच तो म्हणाला.

दीर पुढे आला. त्याचा चेहरा पार उतरला होता. “वयनी,” तो म्हणाला, “म्याबी आयकली होती. एकदा त्यानं मलेबी हाक देल्ली.”

“माहीत हाय मले,” ती म्हणाली.

त्याने मिस्त्रीच्या खांद्यावरून दोर घेतला. मिस्त्रीने घेऊ दिला. त्याने आपल्या हाताने कमरेला फास घातला, पहार घेतली आणि विहिरीच्या काठावर बसला. “सोडा,” म्हणाला. मग दोन गड्यांनी दोर धरला, मीही धरला. तो खाली गेला, जिथे ती पोकळी होती तिथे. दोर सैल पडला.

पहारीचा एक घाव ऐकू आला. मग काहीच नाही. मग खालून आवाज आला, घुमणारा, पहिलं अक्षर पुसलेला, लहान मुलासारखा घाबरलेला.

“वयनी?”

ती काठावरच्या दगडावर पोट टेकून पालथी झाली, डोईवरचा पदर खाली लोंबला, आणि तिने ओ दिली. एवढ्या मोठ्याने की बाभळींवरची पाखरं उडाली.

पुन्हा घाव. पुन्हा हाक. पुन्हा ओ. उन्हं कलेपर्यंत ते तसं चाललं. त्याला तिथे खोदण्यापेक्षा हाक मारायची होती, आणि तिला पाण्यापेक्षा ओ द्यायची होती, असं मला वाटलं. मधेच कधीतरी मिस्त्री उठला, बांधलेलं सामान सोडू लागला आणि म्हणाला, “त्याले वर घ्या आता. त्याले सुरुंगाचं काय समजते.” टोळी राहिली. पाणी लागलं तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात होतो. वरच्या रानात तिने खोपटं घातलं आणि वांगी लावली, असं मला अमडापूरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं.

ओकेनाइटचा तो तुकडा नागपूरलाच राहिला. माझ्याबरोबर आलं ते वेगळंच. घरात कुणी मला हाक मारली की ती पुरी व्हायच्या आत मी ओ देतो. न्हाणीघरातून देतो, झोपेतून देतो, तोंडात घास असताना देतो. बायको म्हणते, अहो, हाक तरी पुरी होऊ द्या, कुठे पळून चाललंय का कुणी. मी हसून वेळ मारून नेतो. कधीकधी ती स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहते आणि विचारते की मी आत्ता ओ कुणाला दिली, तिने तर हाक मारलीच नव्हती.